झालं, झालंय आणि झालंच

मराठीच्या प्राध्यापकाला जगात कोणी काही विचारीत नाही, अशी एक समजूत आमच्याच वर्गात (म्हणजे प्राध्यापकवर्गात) रूढ आहे. ती तितकीशी खरी नाही. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ, नव्या बंगल्याचे नाव, सेवानिवृत्त होणाऱ्या साहेबांचे मानपत्र, एवढ्या बाबतींत समाज अजून आमच्यावाचून अडतो. परंतु यंदा ऐन श्रावणात माझ्याकडे जो प्रश्न आला, तो ह्या सदराच्या नित्याच्या वाचकांनाही अंमळ चमत्कारिक वाटेल. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी गृहसजावटीचा व्यवसाय करते. एरंडवण्यात तिचा लहानसा स्टुडिओ आहे. स्वतः ती, नकाशे काढणाऱ्या दोन मुली, एक हिशेबनीस आणि कामांवर फिरणारा एक सुपरवायझर, असा पाच जणांचा संसार. एका संध्याकाळी ती येऊन म्हणाली, "मामा, स्टुडिओसाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घ्यायचंय. तू जरा बरोबर बसशील?"

"अगं, मी व्याकरण शिकवतो."

"म्हणूनच. चार कंपन्यांची माणसं येऊन दाखवून गेली. चौघांचंही सगळं उत्तमच आहे. कोण काय बोलतंय आणि काय बोलायचं टाळतंय, हे ऐकायला कोणीतरी हवंय."

एवढी स्तुती झाल्यावर नाही म्हणवेना. शिवाय प्रश्न वाटतो तितका कोरडा नव्हता. त्याच्यापाठी एक ओटा होता, आणि तो ओटा मला ठाऊक होता.

ती हकीकत अशी. गेल्या वर्षी भाचीकडे बाणेरच्या एका सदनिकेचे काम होते. घरात सून नोकरीला, स्वयंपाक आजींच्या हातचा, आणि आजींची उंची बेताची. पहिल्या नकाशात ओटा नेहमीप्रमाणे ३४ इंचांचा होता. पुढे आजींना प्रत्यक्ष पाहिल्यावर भाचीने तो ३१ इंचांचा केला. सुधारलेला नकाशा रात्री अकराला व्हॉट्सॲपवर गेला. गेला तो त्या घरच्या मंडळींच्या गटात. मिस्त्री होते दुसऱ्या गटात. त्यांनी हाती असलेल्या नकाशाप्रमाणे ३४ इंचांचा ओटा बांधला, वर ग्रॅनाइट बसवले, आणि आजी पहिल्यांदा पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे खांदे कानांपर्यंत आले. ओटा तोडावा लागला. ग्रॅनाइट काढताना तडकले. त्याचे पैसे मिस्त्रींच्या बिलातून कापले गेले. पंधरा दिवसांनी कोणीतरी मोबाइल चाळताना खरा प्रकार उघडकीस आला. भाचीने पैसे परत केले, क्षमाही मागितली. मिस्त्रींनी पैसे घेतले, पण त्या दिवसापासून ते प्रत्येक मापाखाली सही मागू लागले. कागदावर नव्हे, भिंतीवर. जिथे कपाट येणार त्याच भिंतीच्या गिलाव्यावर पेन्सिलीने माप लिहायचे आणि म्हणायचे, "ताई, इथं सही करा."

मला विचाराल, तर मी पाहिलेल्या सगळ्या साधनांत ती भिंत सर्वांत सरस होती. माप हवे तिथेच लिहिलेले, जुने खोडल्याशिवाय नवे लिहिता येत नाही, आणि काम करणारा व लिहिणारा दोघेही एकाच वेळी समोर उभे! तिच्यात दोष एकच, रंगारी आला की सगळे दप्तर पुट्टीखाली जाते.

तेव्हा प्रश्न असा होता की, त्या भिंतीचे काम करील असे सॉफ्टवेअर कोणते?

ह्या शास्त्राचा इतिहास मी थोडा चाळला. आमच्या धंद्याची ती खोड आहे. चहा करायचा म्हटला तरी आम्ही आधी चहाच्या इतिहासात शिरतो. कोणते काम केव्हा सुरू होऊन केव्हा संपावे हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा जो तक्ता असतो, तो हेन्री गँट ह्या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. हा गृहस्थ १९१९ साली वारला. परंतु त्याच्याही आधी, १८९६ च्या सुमारास, कारोल आदामिएत्स्की नावाच्या एका पोलिश अभियंत्याने जवळजवळ तसलाच तक्ता रचला होता. त्याने लिहिले पोलिश आणि रशियन भाषांत, इंग्रजी जगाने ते वाचले नाही, आणि नाव लागले गँटचे. मराठीत लिहिणाऱ्याला ही कथा वाचून जे वाटायचे ते मला वाटले, आणि मी पुढे गेलो. १९५७ मध्ये ड्यू पाँट कंपनीत कारखान्यांच्या कामांसाठी 'क्रिटिकल पाथ'ची पद्धत निघाली. कोणते काम लांबले असता सगळेच लांबते, ते हुडकून काढायची ही रीत. पुढल्याच वर्षी अमेरिकन आरमाराने पोलॅरिस क्षेपणास्त्रांसाठी तसलीच दुसरी रीत काढली. तिकडे जपानात टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो ह्यांनी कामाबरोबर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांची पद्धत बसवली. तिचे नाव 'कानबान', म्हणजे पाटी. आज संगणकाच्या पडद्यावर जे काही विकायला येते, ते बहुतेक ह्या दोनच घराण्यांतले असते, पट्ट्यांचे नाही तर पाट्यांचे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे १९८४ पासूनचे पट्टेवाले. २०११ साली आलेले ट्रेलो हे सरळ पाटीवाले. आसना, मंडे, झोहो प्रोजेक्ट्स ही मंडळी दोन्ही तऱ्हा दाखवतात. २००४ चे बेसकॅम्प मला त्यातल्या त्यात घरगुती वाटले. वेबसाइटी करून देणाऱ्या एका लहान कंपनीने स्वतःच्या गिऱ्हाइकांशी बोलणे नीट राहावे म्हणून ते बनवले आणि मग विकायला काढले, असा त्याचा जन्म आहे.

आता दाखवायला आलेल्या मंडळींविषयी. चौघेही तरुण, नीटनेटके आणि अतिशय गोड बोलणारे. चौघांनीही नमुन्यादाखल जो प्रकल्प दाखवला, तो एखादे ॲप बनवण्याचा होता. त्यात माणसे आपापल्या मेजावर बसून कामे उरकीत होती आणि उरकलेल्या कामांवर हिरव्या खुणा उमटत होत्या. मी भाचीला हळूच म्हटले, "ह्यांच्याकडे गवंडी कुठे दिसत नाही." ती हसली, पण तिने तोच प्रश्न मोठ्याने विचारला, आणि तिथून खरी परीक्षा सुरू झाली.

घर सजवण्याच्या धंद्यात दोन निरनिराळ्या साखळ्या एकाच वेळी चालतात. एक कामांची. तोडफोड, गवंडीकाम, भिंतीत झिऱ्या पाडून नळ आणि वायरी, मग न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, लाद्या, छत, सुतारकाम, पॉलिश, रंग. दुसरी साखळी वस्तूंची. नळ, दिवे, लाद्या, पडद्याचे कापड, सोफा. ह्यांतल्या प्रत्येकाची निवड, दरपत्रक, मालकांची संमती, आगाऊ रक्कम, मागणी, माल येणे, तो तपासणे आणि बसवणे. साधारण सॉफ्टवेअरला पहिली साखळी उत्तम कळते, दुसरी मुळीच कळत नाही. त्याच्या लेखी 'नळ' हेसुद्धा एक कामच. आणि घर रखडते ते बहुधा ह्या दोन साखळ्या एकमेकींत अडकतात तिथे. भिंतीत बसणाऱ्या नळाचा आतला भाग लादी लागण्यापूर्वी भिंतीत जायला हवा. म्हणजे नळ कोणता हे गृहिणीने सुतार यायच्या कितीतरी आधी ठरवायला हवे, आणि त्या वेळी ती बिचारी अजून लादीचा रंगच ठरवीत असते. स्वयंपाकघरातल्या तयार कपाटांचे पक्के माप लाद्या लागल्यावरच घेता येते. मग ती कारखान्यात बनून येईपर्यंत घर वाट बघत बसते. हा वाट बघण्याचा काळ कोणाच्या खाती मांडायचा?

ह्याच धंद्यासाठी म्हणून केलेली सॉफ्टवेअरेही आहेत. अमेरिकेतले स्टुडिओ डिझायनर आहे. हौझ कंपनीचे हौझ प्रो आहे. (हौझचा उगम मजेदार आहे. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एक जोडपे आपले स्वतःचे घर दुरुस्त करायला निघाले, पसंतीची माणसे आणि कल्पना मिळेनात म्हणून त्रासले, आणि त्या त्रासातून कंपनी निघाली. आपल्याकडे अशा त्रासातून फक्त सोसायटीच्या सभेत भांडणे निघतात.) ह्या सॉफ्टवेअरांना वस्तूंची साखळी उत्तम कळते. परंतु ती तिकडच्या व्यवहारावर बेतलेली आहेत. तिकडे सजावटकार पुष्कळदा माल स्वतः व्यापारी दराने घेतो आणि आपला नफा धरून गिऱ्हाइकाला विकतो. सगळी गणिते त्या अंगाने. भाचीकडे प्लायवुड भवानी पेठेतून येते, त्याचे पैसे कधी मालक परस्पर देतात, कधी ठेकेदार देतो. सुतारकामाची मजुरी चौरस फुटावर. तिची स्वतःची फी वेगळी, तीवर १८ टक्के जीएसटी. आणि हिशेबनीस टॅलीखेरीज दुसऱ्या देवाला मानीत नाहीत. त्या सुंदर विलायती साच्यात हा संसार बसवायचा म्हणजे नऊवारी पातळ इस्त्री करून हँगरला लावण्यासारखेच होते.

दरांचे कोडेही समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक कंपन्या माणशी, दरमहा पैसे घेतात. 'तुम्ही पाचच जण, म्हणजे फारच स्वस्त,' असे सगळ्यांनी सांगितले. पण घर काय पाच जण बांधतात? मिस्त्री, सुतारांचा मुकादम, वायरमन, प्लंबर, रंगारी, लादीवाला, आणि वर घरमालक व मालकीणबाई. चार कामे एकदम चालू असली म्हणजे हा आकडा तिसावर जातो. बाहेरच्या माणसाला फुकट आत घेता येते का, घेतला तर तो नुसते पाहू शकतो की लिहूही शकतो, हे विचारल्यावर एका तरुणाचा गोडवा प्रथमच किंचित कमी झाला. दुसरा प्रश्न भाचीने स्वतःच विचारला, आणि तो मला फार आवडला: "उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं, तर आमचे नकाशे, फोटो आणि नोंदी आम्हांला कशा स्वरूपात परत मिळतील?" ह्या प्रश्नाला दोघांनी सरळ उत्तर दिले, एकाने 'सोडावंसं वाटणारच नाही' असे सांगितले, आणि चौथ्याने साहेबांना विचारून कळवतो म्हटले. त्याचे कळवणे अजून यायचे आहे.

मग पंचांग. सॉफ्टवेअरमध्ये शनिवार-रविवार आपोआप सुट्टीचे असतात. आमच्याकडे साइटवर रविवारीही काम चालते, आणि सोसायटीचा नियम असला तर चालत नाही. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. गणपतीत कोकणातला माणूस गावी. पितृपक्षात मालकीणबाई नवीन वस्तू घरात आणू देत नाहीत. दिवाळी-छटपूजेला बिहारकडचे रंगारी जातात ते आपल्या सवडीने परततात. आणि प्रत्येक मालकाची मागणी मात्र एकच, 'दिवाळीच्या आत घर द्या.' गँटच्या पट्ट्या हे सगळे मानायला तयार असतात, पण त्यांना कोणीतरी सांगावे लागते. हे सांगायचे काम एका मुलीचा अर्धा दिवस खाऊ लागले, तेव्हा भाचीने सरसकट सगळ्या कामांच्या पट्ट्या आखण्याचा विचार सोडून दिला. मला तो निर्णय योग्य वाटतो. क्षेपणास्त्राला जी शिस्त लागते ती तीन खोल्यांच्या घराला लावली, म्हणजे घराऐवजी तक्ताच सजत जातो.

आता माझ्या अधिकाराच्या विषयाकडे येतो. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या तीन अवस्था असतात: करायचे, चालू, झाले. इंग्रजीत हे भागत असेल. मराठी माणूस साइटवरून फोनवर काय काय सांगतो ते मी पंधरा दिवस टिपून ठेवले. 'झालं.' 'झालंय.' 'झालंच.' 'झाल्यातच जमा.' 'होत आलंय.' 'तसं झालंय.' 'होऊन जाईल.' आणि सुतारांच्या राजस्थानी मुकादमाचे सर्वव्यापी 'हो जायेगा.' ह्यांपैकी फक्त पहिल्या दोहोंत काम झालेले असते. 'झालंच' मधला तो एवढासा 'च' पाहा. इतरत्र तो अव्यय निश्चय दाखवतो, साइटवर मात्र तो आठवडा दाखवतो. आणि 'तसं झालंय' ह्या वाक्यात क्रियापद भूतकाळी असले तरी काम भविष्यकाळी असते. ह्यात कोणी लबाडी करतो असे नव्हे. समोरच्याला एकदम 'नाही' म्हणणे आपल्याला जड जाते, म्हणून आपण नकाराला 'तसं'चे अस्तर लावतो. पण सॉफ्टवेअरला अस्तर कळत नाही. ते खूण मागते, आणि मनुष्य भिडेखातर खूण करून मोकळा होतो.

म्हणून मी सुचवले की, कोणतेही घ्या, पण आधी प्रत्येक कामापुढे 'झालं म्हणजे काय' ते एका ओळीत लिहा. भाची, सुपरवायझर आणि मिस्त्री तिघे बसले. वॉटरप्रूफिंग झालं म्हणजे न्हाणीघरात पाणी ४८ तास साठवून ठेवले आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहिले. वायरिंग झालं म्हणजे झिऱ्या बुजवण्यापूर्वी भिंतीचा फोटो काढला. प्लायवुड आले म्हणजे त्यावरचा शिक्का वाचला. न्हाणीघरालगत आयएस ७१०, बाकी ठिकाणी आयएस ३०३. मिस्त्री ह्या कामात असे रंगले की, संध्याकाळचा चहा निवून गेला. आयुष्यभर त्यांच्या मनात असलेली यादी कोणीतरी प्रथमच लिहून घेत होते.

एका मुद्द्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस साइटवर केव्हा आला, केव्हा गेला, कुठे होता, हे मोबाइलवरून आपोआप टिपण्याची सोय होती. विक्रेत्याच्या मते तीच मोठी खुबी. मिस्त्री काही बोलले नाहीत. ओट्याच्या वेळीही ते बोलले नव्हते. नंतर जिन्यात मला म्हणाले, "सर, हे आमच्यासाठी आहे का आमच्यावर आहे?" विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मी वीस वर्षे शिकवतो आहे, पण त्यांचा इतका नेमका उपयोग केलेला क्वचित ऐकला. मी ते वाक्य जसेच्या तसे भाचीला सांगितले. ती खुबी तिने नाकारली, आणि त्याबरोबर ते सॉफ्टवेअरही.

शेवटी निवड झाली ती एका साध्या पाट्यांच्या साधनाची. नाव सांगत नाही. हे सदर जाहिरातीचे नाही, आणि ह्या कंपन्यांचे दर व नियम मोसमागणिक बदलतात. वस्तूंची साखळी एका वेगळ्या तक्त्यात ठेवली आहे. प्रत्येक वस्तूला एक ओळ, आणि तीत 'ह्या तारखेच्या आत ठरले नाही तर अमुक काम अडेल' असा एक रकाना. तोच रकाना सर्वांत जास्त वाचला जातो. नकाशा आता एकाच ठिकाणी राहतो. नवा चढवला की जुना तिथून उचलून बंद कपाटात. व्हॉट्सॲप चालू आहे, ते बंद करणे ब्रह्मदेवालाही साधणार नाही. पण तिथे ठरलेले पाटीवर चढेपर्यंत ठरले असे मानायचे नाही, हे मालकांनाही पहिल्या भेटीत सांगतात.

पाट्यांवरचा मजकूर देवनागरीत असतो. बटने इंग्रजी आहेत, पण ती चारच. मिस्त्रींनी ती रंगांवरून ओळखून ठेवली. लिहिण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून ते मोबाइलला मराठीत बोलून लिहायला लावतात. पहिल्या आठवड्यात 'झिरी मारली'चे 'जिरे मारले' झाले आणि दोन्ही मुली दिवसभर हसत होत्या. आता ते बोलून झाल्यावर एकदा वाचून पाहतात. माझ्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांना मी हे कित्येक वर्षे सांगतो आहे.

महिनाभराने मिस्त्रींनी एक मागणी केली. करायचे, चालू, झाले ह्या तीन रांगांच्या जोडीला त्यांना चौथी रांग हवी होती: 'अडलंय'. आणि तिच्यातल्या प्रत्येक पाटीवर कोणामुळे अडले त्याचे नाव. भाचीने दोन दिवस विचार केला, कारण त्या पाट्या मालकही पाहतात. मग तिने ती रांग सुरू केली. मी हा मजकूर लिहायला बसलो त्या दिवशी तीत सात पाट्या होत्या. दोन मालकांच्या नावावर, एक लादीवाल्याच्या, आणि उरलेल्या चार खुद्द भाचीच्या.